पाच बटणं, एक बोल्ट

अस्वलाला मारायचं नाही, हे माझं आधीच ठरलं होतं. अस्वलाचं काय ठरलंय, एवढंच कळायला मार्ग नव्हता.

नॉर्वेच्या पार उत्तरेला, ध्रुवाजवळच्या लाँगयरब्येनमध्ये मी अकरा वर्षं राहतोय. वसाहतीच्या कचेरीत स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांची नोंदणी माझ्याकडे असते. गावाच्या वेशीवर लाल त्रिकोणात अस्वलाचं चित्र असलेली पाटी आहे. अकरा वर्षांत त्या पाटीच्या पलीकडे मी एकदाही पाऊल टाकलेलं नाही. पाटी स्पष्ट आहे, मला डोळे आहेत आणि सरकारी पाटीचा मान राखणं हे सरकारी नोकराचं कर्तव्य आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. खरं म्हणजे मला भीती वाटते. पण तसं अर्जात लिहिता येत नाही.

दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीसाठी कर्मचारी संघाच्या केबिनची सोडत निघते. केबिन फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या गोठलेल्या खाडीच्या काठी आहे, गावापासून चाळीस किलोमीटरवर, आणि मध्ये नुसता बर्फ. दरवर्षी मी नाव द्यायचो, कारण नाही दिलं तर लोक "का हो?" म्हणून विचारतात. दरवर्षी माझं नाव निघायचं नाही आणि मी चारचौघांत हळहळून घरी येऊन शांत झोपायचो. यंदा निघालं.

"ओडवार!" गुन्वोर स्वयंपाकघरातच नाचायला लागली. गुन्वोर माझी बायको, दवाखान्यात नर्स आहे आणि कशालाच भीत नाही. "नेमके बाबाही येतायत! चार दिवस सगळे एकत्र!"

तिचे बाबा, म्हणजे माझे सासरे इंगवाल्ड. वय एक्क्याऐंशी. साठ वर्षं दक्षिण नॉर्वेत टेलेमार्कच्या जंगलात एल्कची शिकार केलेला माणूस. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर. सासूबाई गेल्यापासून ते शेतावर एकटेच राहतात. थोरली मेहुणी अस्लाउग हिनं त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात एक खोली बघून ठेवली होती आणि ईस्टरनंतर हो की नाही ते कळवायचं होतं.

"मी चार दिवस नीट बघते," गुन्वोर मला म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "त्यांचं त्यांना जमत असेल तर राहू देत शेतावर. नसेल जमत तर मीच अस्लाउगला हो म्हणते. त्यांना यातलं काही बोलू नकोस हं."

मी बोलणार नव्हतोच. पण अस्लाउगनं फोनवर आधीच बोलून टाकलं होतं, त्यामुळे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

बंदुकीचं प्रकरण फोनवरच पेटलं. पाटीपलीकडे जायचं तर अस्वलासाठी काहीतरी सोय बरोबर हवीच. सासऱ्यांनी गुन्वोरला विचारलं, "बंदूक कोण घेणार? तूच ना?"

फोन टेबलावर होता, आवाज मोठा होता आणि मी समोर बसून बटाटे सोलत होतो.

"तूच घे बाई," ते पुढे म्हणाले. "जावईबापूंकडे रबरी शिक्का द्या. अस्वलावर मारतील, 'आवक' म्हणून."

आता माणूस किती सहन करणार? मी बटाटा खाली ठेवला आणि म्हणालो, "बंदूक मी घेणार आहे, बाबा." गुन्वोरनं माझ्याकडे असं बघितलं की त्या एका नजरेसाठी मी अस्वलच काय, देवमासाही अंगावर घेतला असता. ती नजर साधारण दहा सेकंद टिकली. भीती नंतर तीन आठवडे टिकली.

परवान्याचा फॉर्म सहा पानांचा होता. मी स्वतः, इथली आणि आधीची नोकरी धरून, बावीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासून परत पाठवलेत, त्यामुळे माझा फॉर्म परत येणं शक्यच नव्हतं. तो परत आला. 'शस्त्र कशासाठी हवे' या चौकटीत मी 'शक्यतो वापरायचे नाही' असं लिहिलं होतं. दुसऱ्यांदा 'अस्वलापासून संरक्षण' असं लिहिलं, तर सही शेजारच्या चौकटीत गेली. तिसऱ्या वेळी खिडकीमागच्या मुलीनं माझा हात कापताना पाहिला आणि विचारलं, "काका, नक्की हवीय ना बंदूक?"

मग नेमबाजीचं प्रशिक्षण. शिकवणाऱ्या बाईंचं नाव सोल्फ्रिड. आवाज असा की निम्मी अस्वलं त्यानंच पळावीत. पहिल्या गोळीला मी डोळे मिटले, दुसरीला एकच मिटला. चाळीस मीटरवर कागदी अस्वल होतं. दहा गोळ्यांपैकी एक त्याच्या कानाला लागली.

"ठीक आहे," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "तुम्हाला बघून ते हसायला थांबलं, तर मरेल."

प्रमाणपत्र मात्र दिलं त्यांनी.

शेजारी हालगाइर राहतो. जन्म खाणीत गेला, आता निवृत्त आहे आणि दिवसभर जिन्यात उभं राहून लोकांना सल्ले देतो. तो म्हणाला, "एक लक्षात ठेव, ओडवार. तुला अस्वल दिसलं ना, की समज, त्याला तू दिसून तासभर झालाय."

"यात माझा काय फायदा?"

"फायदा नाही. माहिती आहे," तो म्हणाला. "आणि बंदूक खोळीतच ठेव, नाहीतर नळीत बर्फ जातो. आणि धावू नकोस. धावलास की तू जेवण."

"आणि नाही धावलो तर?"

हालगाइरनं जरा विचार केला. "तरी जेवणच. पण इज्जतीनं."

आता बोल्टचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बोल्ट म्हणजे बंदुकीच्या पोटातला वीतभर लोखंडी दांडा. तो मागे ओढून पुढे सारला की गोळी आत बसते. बोल्ट नसेल तर बंदुकीनं फार तर कपडे वाळत घालता येतात. आमच्याकडे रिवाज असा, की बंदूक घरात असली की बोल्ट काढून वेगळीकडे ठेवायचा. लोक तो भांड्यांच्या कपाटात ठेवतात, उशीखाली ठेवतात आणि मग निघताना अर्धं गाव बोल्ट शोधत असतं.

मी यावर तोड काढली होती. मी बोल्ट माझ्या बुटात ठेवला. दारातल्या फळीवर, उजव्या बुटात. का, तर इथं कुणीही घरात बूट घालून वावरत नाही आणि बाहेर जाताना बूट घातल्याशिवाय कुणाला जाता येत नाही. पाय घातला की बोल्ट टोचणार. विसरायची सोयच ठेवली नव्हती. ही युक्ती मी हालगाइरला सांगितली, सोल्फ्रिडबाईंना सांगितली, कचेरीत तर दोनदा सांगितली. सासरे आले त्या दिवशी त्यांनाही सांगितली. त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघितलं आणि "अस्सं" एवढंच म्हणाले.

निघालो त्या दिवशी उणे अठरा होतं आणि बर्फावरच्या स्कूटरवर बसायचं म्हणून मी गुडघ्यापर्यंतचे, आत जाड लोकर असलेले मोठे बूट घातले.

हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

गुन्वोर पुढे निघाली, तिच्या मागे स्लेजमध्ये रेनडियरच्या कातड्यात गुंडाळलेले सासरे, आणि त्यांच्या मागे दुसऱ्या स्कूटरवर, संरक्षणासाठी, मी. पाटीपाशी थांबून बंदूक तयार करायची असते. पण वारा असा सुटला होता की गुन्वोर थांबलीच नाही, आणि पाटी मागे पडताना मी डोळे मिटून घेतल्यामुळे मलाही ते सुचलं नाही. चाळीस किलोमीटर मी प्रत्येक पांढऱ्या ढिगाकडे बघत गेलो. तिथं सगळंच पांढरं आहे.

केबिनशी पोचल्यावर सामान आत गेलं: संत्री, तपकिरी चीज, वाळवलेलं मेंढीचं मटण आणि आमच्याकडे ईस्टरला वाचायचा रिवाज आहे त्या खुनाच्या चार कादंबऱ्या. मी बाहेर ओसरीवर थांबून खोळ उघडली. बंदुकीच्या पोटात भोक होतं. त्या भोकातून मला पलीकडचा फ्योर्ड दिसला.

मी पायातल्या मोठ्या बुटांकडे बघितलं. टोचणारा बोल्ट घरी फळीवर, उजव्या बुटात, अगदी सुरक्षित होता.

सांगायला हवं होतं. मान्य. पण आतून सासऱ्यांचा आवाज आला, "काय जावईबापू, सापडतोय का चाप?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सगळं तयार आहे, बाबा." एकदा बोलून गेलो, झालं. मी भोकावर लोकरी मफलर गुंडाळला आणि बर्फापासून बचाव, असं जाहीर केलं. मनाला एकच आधार होता. गुन्वोरच्या जाकिटात इशाऱ्याचं पिस्तूल होतं, ज्यातून लाल पेटता गोळा उडतो. म्हणजे कुटुंब पूर्ण निराधार नव्हतं, फक्त कुटुंबप्रमुख होता.

केबिनमधला नियम असा, की संडासला एकट्यानं जायचं नाही. संडास तीस पावलांवर, लाकडी खोका. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बंदूक घेऊन दाराशी उभं राहायचं. हे काम अर्थातच माझं. एखाद्या मंत्र्यालाही मिळत नसेल असा पहारा, असं गुन्वोर म्हणाली. मी मफलर घातलेली ती बंदूक, म्हणजे नुसती काठीच, खांद्याला लावून उभा राहायचो आणि मनात एकच म्हणायचो, लवकर आटपा, लवकर आटपा.

सासरे लवकर आटपायचे नाहीत. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी दार उघडलं. ते दोन्ही हातांनी पँट धरून उभे होते. जाड लोकरीची जुनी शिकारीची पँट, पुढे पाच बारीक बटणं. त्यांची बोटं त्या बटणांवरून नुसती घसरत होती, थरथरत होती. नाकाच्या शेंड्यावर घाम होता. उणे अठरात घाम.

"तिकडे तोंड करा," ते म्हणाले.

मी केलं. आणखी पाच मिनिटं गेली. फ्योर्डवरचा एक ढीग मला हलल्यासारखा वाटला. मग मी वळलो, काठी भिंतीला टेकवली, खाली वाकलो आणि त्यांची पाचही बटणं लावली. यात दया वगैरे काही नव्हती. मला आत जायची घाई होती.

परत जाताना त्यांनी हात खिशात खोलवर खुपसले होते. तेव्हा मला कप दोन्ही हातांनी धरणं आठवलं. "बर्फात माझ्या डोळ्यांना त्रास होतो" असं सांगून त्यांनी बंदुकीला हात लावायचं टाळलं होतं, तेही आठवलं. आणि आत गुन्वोर चुलीपाशी उभी राहून आमच्याकडेच बघत होती.

"बरं वाटतंय ना बाबा?"

"मला काय धाड भरलीय?" सासरे म्हणाले आणि पुस्तकात तोंड घालून बसले. पान मात्र जेवणापर्यंत उलटलं नाही.

पुढचा दीड दिवस असाच गेला. दिवसातून तीनदा पहारा, तीनदा पाच बटणं. माझा वेग वाढत गेला. जेवताना ते मला टोमणे मारायचे ("जावईबापू, संत्र्यालाही भिता का?") आणि गुन्वोर हसायची. बापाचं कसं चाललंय ते बघत असताना ती फक्त याच वेळी हसायची, म्हणून मीही टोमणे खाऊन घेत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासरे आत होते आणि मी बाहेर. लख्ख ऊन होतं. फ्योर्डवरचा एक ढीग उठून उभा राहिला.

मी डोळे चोळले. ढीग चालायला लागला. पांढऱ्यावर थोडं पिवळसर, मान लांब, पाय फताडे, कसलीही घाई नाही. माझ्या अंगातलं रक्त कुठं गेलं मला माहीत नाही, पण अंगात नव्हतं. हालगाइरचं वाक्य आठवलं: त्याला तू दिसून तासभर झालाय. मी ओरडायला तोंड उघडलं, तर उंदरासारखा आवाज निघाला. केबिन तीस पावलांवर. संडास एका पावलावर.

मी संडासात शिरलो आणि दार लावून घेतलं.

"अहो!" सासरे ओरडले. त्यांच्या बाजूनं बघता हे रास्तच होतं.

"बाबा, अस्वल."

"किती लांब?"

"दोनशे पावलं. दीडशे. मला मोजता येत नाहीये."

"मग बंदूक आहे ना?"

दोघांच्या मध्ये हातभर जागा. मी मफलर सोडला. त्या बिनबोल्टच्या भोकाकडे बघता बघता मला रडूच आलं. "बाबा, बोल्ट घरी राहिला. बुटात. मी तुम्हाला, गुन्वोरला, सगळ्यांना फसवलं हो. तीन दिवस मी काठी घेऊन उभा आहे. आपण मेलो तर माझ्यामुळे."

बाहेर बर्फ करकरला की मला भास झाला, देव जाणे.

"पहिल्या दिवशीच कळलं मला," ते म्हणाले. "साठ वर्षं बंदूक खांद्यावर वागवलीय, ओडवार. मफलर काय बांधतोस? तुझ्या खांद्यावर ती ज्या पद्धतीनं हलकी बसली होती ना, तेव्हाच कळलं."

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा नावानं हाक मारत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललास?" त्यांनी हात पुढे केले. दोन्ही हात वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते. "गुन्वोरला या हातांचं सांगितलंस? एका फोनचं काम होतं. गेलो असतो मी त्या खोलीत." मग त्यांचा आवाज खाली आला. "मला तिथं नाही जायचं रे. फार भीती वाटते मला तिथली."

बाहेर अस्वल होतं आणि तरी त्या खोक्यात मला पहिल्यांदाच वाटलं की भिणारा मी एकटा नाही. मी वाकलो आणि बटणं लावायला लागलो. माझेही हात कापत होते. तिसरं बटण चुकीच्या काजात गेलं.

तेवढ्यात बाहेर धडाम झालं. फटीतून लाल उजेड आला. मग आणखी एक धडाम, आणि मग गुन्वोरचा आवाज: "चल! चालता हो! चल इथून!" दोन भांडी बडवल्याचा दणदणाट झाला. मग शांतता. मग दारावर थाप.

"ओडवार? गेलं ते, बर्फावरून पलीकडे गेलं. तू कुठं आहेस?"

मी दार उघडलं. गुन्वोरनं आम्हा दोघांकडे बघितलं. एकाच्या पँटची बटणं वाकडी लागलेली, दुसऱ्याच्या गालावर अश्रू गोठलेले, आणि बंदूक कोपऱ्यात झाडूशेजारी.

"दोघंही आत?" ती म्हणाली. "मग पहारा कोण देत होतं?"

"मीच ओढलं त्यांना आत," सासरे म्हणाले. "बाहेर उभे राहून उगाच अस्वलाला घाबरवत होते."

परत जाताना तिनं बापाचा एक हात धरला आणि माझा एक.

चौथ्या दिवशी घरी आलो. दारातच तिनं फळी आवरायला घेतली, माझा उजवा बूट उचलला आणि तिरपा केला. बोल्ट फरशीवर पडला. त्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

सासरे घसा खाकरून म्हणाले, "तो मीच काढून ठेवायला लावला होता. जावईबापूंच्या हातात भरली बंदूक आणि पुढे स्लेजमध्ये मी! मलाही जीव आहे."

म्हणजे इज्जत वाचली होती आणि त्याच वाक्यात गेलीही होती. तरी मी मान डोलावली.

गुन्वोर बोल्ट हातात घेऊन टेबलापाशी बसली. आधी तिनं बापाकडे बघितलं. त्यांचे हात टेबलाखाली होते. मग माझ्याकडे वळली.

"ओडवार, अस्लाउगचा फोन येईल आता. चार दिवस तू त्यांच्या सर्वात जवळ होतास. खरं सांग. जमतं बाबांना?"

मी बावीस वर्षं फॉर्म तपासलेत. अपुरी माहिती देऊ नये, हे मी लोकांना रोज सांगतो.

"हात कापतात," मी म्हणालो. सासऱ्यांनी डोळे मिटले. "पण अस्वल आलं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि त्यांचं होतं. बाकी सगळं जमतं. फक्त त्या पँटची बटणं जमत नाहीत. ती मलाही जमत नाहीत. इलॅस्टिकची घेऊन दे."

तिनं बोल्ट टेबलावर ठेवला. मग फोन वाजला. "हो गं, आलो," ती म्हणाली. "नाही. त्या खोलीचं यंदा नको. पुढच्या ईस्टरला बघू. हो, नक्की. मी बघितलं ना."

सासरे उठून मोरीकडे गेले आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी भुसा भरलेलं अस्वल उभं आहे. त्याच्यापासून शक्य तितक्या लांब उभं राहून मी त्यांचा निरोप घेतला. नवीन इलॅस्टिकच्या पँटीत ते जरा बारीक दिसत होते. त्यांनी हात पुढे केला, मी धरला. कोणाचा हात कापत होता ते सांगता येणार नाही.

"पुढच्या वर्षी बोल्ट घेऊन या, जावईबापू," ते म्हणाले.

"तुम्ही बटणं घालून येऊ नका," मी म्हणालो.

"काय कुजबुजताय रे दोघं?" गुन्वोरनं विचारलं.

"अस्वलाबद्दल," आम्ही दोघंही म्हणालो.

ती जुनी पँट ते इथंच सोडून गेले. आमच्या दारातल्या खुंटीवर ती टांगलेली आहे. बोल्ट मी आता तिच्या खिशात ठेवतो. परवा पुढच्या सोडतीची यादी लागली, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव दिलं. माणसं किती, या चौकटीत 'तीन' लिहिलं. हात कापत होता, पण सही बरोबर चौकटीत आली.